बाळूच्या डोक्याचा नवस

१९ जानेवारी १९८६, रविवार

एक तारखेपासून लिहायचे ठरले होते, आज एकोणीस झाली. उशिराबद्दल माफी. कोणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागतो. डायरी बाळूने दिली. मुलगा औषधांच्या कंपनीत आहे, दिवसभर बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरतो. त्यांना वाटून उरलेली एक डायरी दरवर्षी घरी येते. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाचे नाव छापलेले. सातवी नापास माणसाने एवढ्या गुळगुळीत कागदावर काय लिहावे? अठरा दिवस नुसती उघडली आणि मिटली.

आज लिहितो, कारण आज बाळूने जे सांगितले ते दुसऱ्या कोणाला सांगायचे नाही अशी त्याने शपथ घातली आहे.

डोक्यावर केस लावून घेणार म्हणतो. टोप नव्हे. ऑपरेशन.

२० जाने.

सकाळी पुन्हा विचारले, काय करतात नक्की? बाळू म्हणाला, मागच्या बाजूचे केस कातडीसकट गोल गोल काढतात, पेन्सिलीच्या टोकाएवढे, आणि पुढे तेवढीच भोके पाडून त्यात बसवतात. मागचे केस जात नाहीत, म्हणून पुढे लावले तरी जात नाहीत. अंधेरीला डॉ. आहे, बाळूच्या ओळखीचा.

मी म्हटले, म्हणजे भाताची लावणी. तरवा उपटायचा नि दुसऱ्या कोपऱ्यात लावायचा.

"तसंच," म्हणाला. "फक्त शेत माझं डोकं."

चहा पुढ्यात थंड झाला. भोके पाडतात म्हणतो.

२३ जाने.

बाळूने आईलाही सांगितले. मला वाटले होते हिला धक्का बसेल. नाही बसला. उलट मलाच म्हणाली, "अहो, डोकं त्याचं आहे. तुम्ही तुमचं सांभाळा."

माझे काय सांभाळायचे? वय बासष्ट. केस पांढरे झाले, पण एक गेला नाही. कंपनीत रंगखात्यात होतो तेव्हा टोपीत मावत नसत. बाळू तिच्या भावावर गेला. मामाचे पंचविशीत टक्कल. बाळूला आता एकोणतीस.

२६ जाने.

बाळूशी नीट बोलायचे ठरवून बसलो. लग्नासाठी का रे? म्हणाला, नाही. मग कशासाठी?

"परवा मुलुंडला एका दवाखान्यात बसलो होतो. तिथली नवीन पोरगी म्हणाली, काका, पेशंट नसाल तर उभे राहा. काका! ती असेल बावीसची."

एवढ्यासाठी?

"आरशात बघितलं की मला मामा दिसतो, बाबा. मी दिसत नाही. तुम्हाला काय कळणार. तुमच्या डोक्यात कंगवा अडकतो."

उठून गॅस बंद आहे का पाहिला. बंद होता.

२ फेब्रुवारी, रवि.

मी म्हटले, जा. पण मी बरोबर येणार. तो म्हणाला, या, पण गावात कळता कामा नये. आबांना तर मुळीच नाही. आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. दादाला मूल नाही. ही आजारी होती तेव्हा बाळू चार वर्षे गावी दादाकडेच होता. दादा त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेई, ओढ्यापलीकडे. बाळूला वाटते आबा हसतील. दादा हसणार नाही. विचारील, देवाने दिले त्यात काय कमी होते?

नाही सांगणार.

८ फेब्रु., शनि.

झाले.

सकाळी बसने पवईवरून अंधेरी. बाळू खिडकीशी, तलावाकडे बघत. मी डब्यात पेज घेतली होती. नर्स म्हणाली, आजोबा, बाहेर बसा, ते आत पुस्तक वाचत करून घेतात. पुस्तक कसले, दार उघडले तेव्हा बाळूच्या पायाचे अंगठे ताठ दिसले. इंजेक्शने डोक्यात. एका ताटलीत मिठाच्या पाण्यात काळे काळे ठिपके, प्रत्येकात आठ-दहा केस उभे. मी पाहिले, मग भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले.

साडेतीन तास. साठ बसवले म्हणे. साठ.

बाळू बाहेर आला तो पागोटे बांधल्यासारखा. टॅक्सीने आणला. खड्डा आला की मी त्याची मान धरत होतो. "बाबा, डोकं खाली पडणार नाही," म्हणाला.

डॉ. चे सांगणे: उशा रचून बसल्या बसल्या झोपणे. वाकायचे नाही. खाजवायचे नाही. खपल्या आपोआप पडतील. आणि तीन आठवड्यांनी लावलेले केस गळून जातील, तेव्हा घाबरायचे नाही, मूळ आत असते, तीन महिन्यांनी नवे येतात. पुढे चार महिन्यांनी दुसरी खेप, मधल्या जागा भरायला.

१० फेब्रु.

काल पागोटे सोडले. पुढे साठ लाल ठिपके, रांगेत. मागे भोके भरत आलेली. आज कपाळ सुजले, डोळ्यांपर्यंत उतरले. डॉ. ने हेही सांगितले होते, तरी हिने दृष्ट काढली. डोक्यावर सैल फडके बांधले आहे.

११ फेब्रु., मंगळ.

घोटाळा झाला.

गावचा गोपाळ दुपारी आला. राहतो घाटकोपरला, परवा एस.टी.ने गावी जाणार, काही द्यायचे आहे का विचारायला. बाळू समोरच बसलेला, डोळे बारीक, डोक्याला फडके. गोपाळ उंबऱ्यातच थांबला. "ह्या काय झाला रे बाळग्या?"

बाळू माझ्याकडे बघतो, मी बाळूकडे. माझ्या तोंडून गेले, "स्कूटरवरून पडला."

"अरे देवा. टाके?"

मला कुठला आकडा सुचणार? तीन दिवस डोक्यात एकच आकडा. म्हणालो, "साठ."

गोपाळ खालीच बसला. चहा न घेता गेला.

बाळू तो गेल्यावर म्हणाला, "बाबा, साठ टाके पडलेला माणूस चकली खात बसतो का? सहा तरी सांगायचे."

१२ फेब्रु.

सहाच म्हण, हे सांगायला घाटकोपरला गेलो. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, काल संध्याकाळीच निघाला, तिकीट आधीचे मिळाले.

१९ फेब्रु.

सूज गेली. खपल्या पडत आहेत. बाळू टोपी घालून कामावर गेला. मी उशीवरच्या खपल्या कागदात गोळा केल्या. का, ते माहीत नाही. हिने केराच्या डब्यात टाकल्या.

२७ फेब्रु., गुरु.

दादाचे पोस्टकार्ड आले. तो लिहितो फार कमी, आणि बोलतो तसेच लिहितो, माझा विष्णूचाही इष्णू. इथे उतरवून ठेवतो, कार्ड बाळूच्या हाती लागू द्यायचे नाही.

"इष्णू, गोपाळान सांगितल्यान. तेच दिवशी देवळात गेलंय. गाऱ्हाणा घातलंय. गुरवान देवीक कळे लावले, कौल उजवो पडलो. बाळू वाचतलो. मी नवस बोललंय, बाळूचा डोक्या बरा झाला काय तो येवन डोक्यावरचे सगळे केस देवीक देतलो. तो येवन केस देईसर मी मासळी खावचंय नाय. घाई करू नको. पोराक जप."

तीनदा वाचले. कळे म्हणजे देवीला चिकटवलेल्या फुलांच्या कळ्या; उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार.

बाळूचे केस. देवीला.

आणि दादाने मासळी सोडली. ज्याची सकाळची पेज सुक्या बांगड्याशिवाय कधी खाली उतरली नाही, तो.

२८ फेब्रु.

हिला कार्ड दाखवले. आधी हसली, मग हसणे थांबले. "देवीच्या कानावर खोटं घातलंत. आता निस्तरा."

बाळूला सांगू या का? म्हणाली, आत्ता नको, आत्ता त्याचे केस गळायचे दिवस आहेत.

दादाला उत्तर टाकले: जखम ओली आहे, मे महिन्यात बघू. म्हणजे खोट्यावर आणखी एक खोटे. मासे खा असे लिहिले होते, मग खोडले. नवस बोललेल्या माणसाला असे कोण लिहितो.

२ मार्च, रवि.

गळू लागले. बाळू सकाळी बाथरूममधून बाहेरच येईना. हातात कंगवा, कंगव्यात चार-पाच केस. डॉ. ने सांगितले होते, तरी तोंड उतरले. मी म्हटले, लावणी झाल्यावर रोप आठ दिवस पिवळे पडते, मान टाकते. नवखा माणूस बघेल तर म्हणेल मेले. मग एका सकाळी उभे राहते.

"किती दिवसांनी, बाबा?"

भाताचे सांगू शकतो, तुझे डॉ. ला विचार.

१२ मार्च

हिने सुरमई आणली. माझ्या पानात डोक्याकडचा तुकडा. खाता येईना. ही म्हणाली, "तुम्ही ठेवलात म्हणून तो भाऊजींच्या पोटात जाणार आहे का?" बरोबर आहे. तरी ठेवला. बाळूने उचलला. "बाबा, पित्त झालं का?"

हो म्हणालो. हे तिसरे खोटे.

२६ मार्च

शिमगा. दादाचे दर वर्षी येते तसे पत्र नाही.

१० एप्रिल

गुढी उभारली. बाळूचे डोके जसेच्या तसे, उलट ठिपके स्पष्ट. नारळावरच्या डोळ्यांसारखे. साहेबाने टोपी काढायला सांगितली म्हणे. त्याने काढली नाही. बाळू घरात आरशाकडे पाठ करून जेवतो.

मी मनात म्हणतो, उगवू नकोत. उगवले नाहीत तर देवीला द्यायचेच काही उरणार नाही. बापाने असे म्हणावे. लिहून टाकतो म्हणजे पुन्हा म्हणणार नाही.

४ मे, रवि.

उगवले.

बाळूने हाक मारली, खिडकीशी उन्हात मान वाकवून उभा. "आई, बोट फिरव." ती फिरवते, खरखरीत लागते. मीही फिरवले. बारीक काटे. प्रत्येक ठिपक्यातून चार-पाच. साठ झुपक्यांची रांग, मधे मोकळे. बाहुलीच्या डोक्यासारखे दिसते, पण ते बोललो नाही. दुसऱ्या खेपेत मधले भरते म्हणे.

बाळू शीळ घालत गेला. किती महिन्यांनी.

९ मे, शुक्र.

वहिनीचे पत्र, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेले. दादा बागेत चक्कर येऊन पडला. सरकारी डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, अंडी-मासे खा. दादा म्हणाला, अंडे खाईन, मासळी बाळू आल्यावर. आता नुसती पेज आणि मीठ. अंडे दोनदा खाल्ले, मग नको म्हणाला. "भाऊजी, बाळूला घेऊन या हो. हाडं दिसायला लागली. रोज देवळाकडे बघून विचारतात, पोर अजून कसा आला नाही."

११ मे, रवि.

बाळूला सांगितले. सगळे. दोन्ही पत्रे पुढ्यात ठेवली.

त्याने वाचली. पहिली दादाची, मग वहिनीची, मग पुन्हा दादाची.   

मग म्हणाला, "अडीच महिने. तुम्ही अडीच महिने हे लपवलंत आणि मला पित्त झालं म्हणालात."

मी म्हटले, चुकलो.

"मी टक्कल झाकायला अंधेरीला गेलो. तुम्ही गावात माझ्या डोक्याचा लिलाव लावलात. आणि आबा तिकडे मीठ-पेज खातायत माझ्या न पडलेल्या साठ टाक्यांपायी!"

ही मधे पडली, "अरे, बाबांनी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी? तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आई. बंद."

चपला घालून गेला. डोक्यावर टोपी नव्हती. विसरला.

१३ मे

बोलत नाही. जेवतो, जातो.

१७ मे, शनि.

आपणहून म्हणाला, डॉ. कडे चला. बसमध्ये शेजारी बसलो. डॉ. ला बाळूनेच विचारले, सगळे केस वस्तऱ्याने काढले तर?

डॉ. म्हणाला, आता काही होत नाही. केस कापले तरी मूळ आत राहते, पुन्हा येतात. "पण पुढचे ठिपके आणि मागचे गोल वण, सगळं उघडं पडेल. बघणाऱ्याला लगेच कळेल की हे पडल्याचं नाही."

दुसऱ्या खेपेची तारीख देऊ का, असे विचारले. बाळू म्हणाला, कळवतो.

परत येताना पवईला तलाव लागला तेव्हा बोलला. "मी देतो केस. आबांनी माझ्यासाठी पोट मारलंय, मला दोन महिने चकोट फिरायला काय जातंय. दिसू देत वण. फक्त एक. लोक विचारतील तेव्हा मी बोलणार नाही. देवळात उभं राहून तुम्ही सांगायचं काय झालं ते."

उतरेपर्यंत मी हातातल्या तिकिटांची घडी घालत राहिलो.

१८ मे

दिवसभर विचार. देवळात सगळे गाव. गुरव, गोपाळ, शाळेतली माणसे. मी, विष्णू, मुंबईत चाळीस वर्षे काढलेला, उभा राहून सांगणार की देवीला खोटे कळवले. आणि बाळू शेजारी, उघडे डोके घेऊन. लोक माझ्याकडे बघणार नाहीत, त्याच्या डोक्याकडे बघतील. शिक्षा माझी, सोसणार तो.

मग सुचले. इतका वेळ का सुचले नाही कळत नाही. आरशासमोर भांग पाडत होतो.

२५ मे, रवि.

दादाला पत्र. तीनदा लिहिले, तिसरे पाठवले. दुसऱ्याची नक्कल ठेवली आहे, फरक थोडाच:

"दादा, बाळू पडला नव्हता. स्कूटरला ओरखडाही नाही. त्याचे पुढचे केस गेले होते म्हणून डॉक्टरने मागचे काढून पुढे लावले. आपण तरवा काढून लावणी करतो तसे. साठ ठिकाणी लावले. टाके नव्हते, रोपे होती. गोपाळ अचानक आला आणि मी खोटे बोललो. बाळूने नाही, मी. पोर तुझ्यासाठी सगळे केस द्यायला तयार आहे. पण त्याच्या डोक्यावर धड शेत नाही, नुकते रुजले आहे. माझे डोके भरलेले आहे. खोटे माझ्या तोंडाचे, तर केस माझ्या डोक्याचे घ्यावेत. देवळात येऊन मी सगळ्यांसमोर सांगीन आणि तिथेच काढून देईन.

तू आधी देवीसमोर खरे गाऱ्हाणे घाल आणि कळे लाव. कौल उजवा पडला तर माझे केस. डावा पडला तर बाळूचे, तो येईल. मला रागाव, पाहिजे तर तोंड बघू नको. पण नवस न झालेल्या जखमेचा होता, तो तुला बांधत नाही असे मला वाटते. मला शास्त्र कळत नाही. तरी कौल लागेपर्यंत थांबू नको, बांगडा खा. काय पडले ते लवकर कळव."

बाळूला वाचून दाखवले. "मागचे काढून पुढे लावले" इथे त्याने मान खाली घातली. शेवटी म्हणाला, "रोपे होती, हे बरं लिहिलंय."

मग विचारले, "तुम्ही चकोट? आई ओळखेल का तुम्हाला?"

ही आतून म्हणाली, "आवाजावरून ओळखीन."

२८ मे

बाळूने दुसऱ्या खेपेची तारीख घेतलेली नाही. आबांचे आल्यावर, म्हणतो.

१ जून, रवि.

आठ दिवस झाले. पोस्टमन काल जिन्यावर दिसला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नेहमीचा न्हावी म्हणाला, काका, महिना होऊन गेला, कानावर आले. म्हटले, राहू दे, अजून कळले नाही कोणाचे आहेत ते.

बाळू कामावरून आला की बॅग ठेवण्याआधी विचारतो, पत्र? मी नाही म्हणतो. मग तो आरशात बघतो. आता पाठ करीत नाही.

हिने आज बांगडे आणले. तिघांनीही पान वाढून घेतले, कोणी आधी सुरुवात करीना. शेवटी बाळूच म्हणाला, आबांनी खाल्ला असेल. आणि खाल्ला. मी भाताबरोबर थोडासा.

दादा, उजवा का डावा ते राहू दे. दोन ओळी पाठव. बांगडा खाल्लास की नाही तेवढे तरी लवकर कळव.